चाकरमानी, लादी आणि काय-स्क्वेअर: सर्व्हेच्या डेटावर स्टॅटिस्टिक्सचा सराव कसा सुरू करायचा

स्टॅटिस्टिक्स शिकायला कोणी आलं की मी पहिला आकडा देतो तो रत्नागिरीचा. 2011 च्या जनगणनेत जिल्ह्यात 7,61,121 पुरुष आणि 8,53,948 बायका होत्या, म्हणजे दर हजार पुरुषांमागे 1122 बायका, आणि त्याच वेळी अख्ख्या महाराष्ट्राचा आकडा होता 929. बाहेरच्या माणसाने नुसतं हे वाचलं तर तो काहीही अर्थ काढेल, पण आपल्याला घरबसल्या माहितीये की वाडीतले निम्मे पुरुष मुंबईत आहेत. त्याच जनगणनेत मुंबई शहर जिल्ह्यात हजार पुरुषांमागे 832 च बायका मोजल्या गेल्या, त्यात आपलेही चाकरमानी आहेत. म्हणजे आकडा बरोबर आहे, पण तो काय सांगतोय हे कळायला कोणाला, कुठे, कधी मोजलं ते आधी बघावं लागतं. पुढे जे काही सांगतोय ते सगळं या एका गोष्टीभोवतीच आहे. टेस्ट (डेटातला फरक नुसता योगायोगाचा असू शकतो का ते तपासणारं गणित, काय-स्क्वेअर त्यातलंच एक) लावणं दोन क्लिकचं काम आहे हो, अडतं ते त्याच्या आधीच.

हे लिहितोय ते बीए, बीकॉम, एमएसडब्ल्यू करणाऱ्यांसाठी, किंवा एखाद्या संस्थेत कामाला लागलात आणि अचानक "हा सर्व्हेचा डेटा बघून दे" असं गळ्यात पडलंय त्यांच्यासाठी. गणित दहावीपर्यंतचं पुरतं.

आधी वही, मग लॅपटॉप

सॉफ्टवेअर उघडायच्या आधी एक अर्ध्या तासाचा हिशोब हाताने करा. सिंधुदुर्गाचे आकडे घ्या, तिथे 2011 ला 4,17,332 पुरुष आणि 4,32,319 बायका, म्हणजे गुणोत्तर 1036. आता विचारलं की रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग मिळून दक्षिण कोकणाचं गुणोत्तर किती, तर दहातले आठ जण 1122 आणि 1036 ची बेरीज करून दोनाने भागतात आणि सांगतात 1079. चूक. दोन्ही जिल्ह्यांतल्या बायका एकत्र करा, 12,86,267, पुरुष एकत्र करा, 11,78,453, आणि मग भागा, येतं 1091. बारा बायकांचा फरक पडला कारण रत्नागिरी सिंधुदुर्गाच्या जवळपास दुप्पट मोठा आहे आणि साध्या सरासरीत आपण दोघांना सारखंच वजन दिलं. पुढे सर्व्हेच्या डेटात "वेट" नावाचा कॉलम दिसेल आणि तो बघून सगळे घाबरतात, पण त्यातली कल्पना हीच आहे, कोणती ओळ किती लोकांच्या वतीने बोलतेय ते त्यात लिहिलेलं असतं.

(पालघरचा आकडा 2011 मध्ये शोधत बसू नका, जिल्हा 1 ऑगस्ट 2014 ला झाला, त्यामुळे जनगणनेत तो ठाण्यातच आहे.)

सॉफ्टवेअर कोणतं

कॉलेजात एसपीएसएस दाखवतात, पण लायसन्स महाग आणि घरी ते नसतं, आणि चोरीची कॉपी टाकून लॅपटॉपची वाट लावून घेऊ नका. नवीन माणसाला मी जामोवी सांगतो. फुकट आहे, मेनूवर चालतं, एसपीएसएसची आणि स्टाटाची फाईल थेट उघडतं, डाव्या बाजूला पर्याय निवडले की उजवीकडे टेबल लगेच तयार होतं आणि पर्याय बदलला की तेच टेबल बदलतं. आतून ते आर या भाषेवर चालतं, आणि सेटिंगमध्ये सिंटॅक्स मोड चालू केला की प्रत्येक टेबलाच्या डोक्यावर आरचा कोड दिसतो, त्यामुळे उद्या आर शिकायचं झालं तर कोरी पाटी नसते. एसपीएसएससारखीच खिडकी हवी असेल तर पीएसपीपी आहे, तेही फुकट. आर सुद्धा फुकटच. न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी ते सुरू केलं, पण पहिल्याच महिन्यात कोडच्या चुका शोधण्यात जीव जातो आणि स्टॅटिस्टिक्स बाजूला राहतं, म्हणून ते नंतर.

इन्स्टॉलर मोठा आहे, गावात रेंजची बोंब असेल तर कॉलेजच्या वायफायवरून पेनड्राईव्हवर घेऊन या.

डेटा कुठून आणायचा

नवशिक्यांसाठी माझी पसंती आयएचडीएस, म्हणजे इंडिया ह्यूमन डेव्हलपमेंट सर्व्हे. दिल्लीची एनसीएईआर आणि अमेरिकेतलं मेरीलँड विद्यापीठ यांनी मिळून केलेला. पहिली फेरी 2004-05 ची, दुसरी 2011-12 ची, दुसऱ्या फेरीत 42,152 कुटुंबं आहेत. मिशिगन विद्यापीठाच्या आयसीपीएसआर या डेटा-भांडारात नाव नोंदवलं की फुकट उतरवता येतो, दुसऱ्या फेरीचा क्रमांक 36151. उत्पन्न, शेती, शिक्षण, आजारपण, घर कशाचं आहे, सगळं एकाच सर्व्हेत असल्यामुळे प्रश्न सुचतात. जुना आहे हे खरं, पण सरावाला चालतो, आणि प्रोजेक्टमध्ये वापरलात तर साल ठळक लिहा.

दुसरा एनएफएचएस, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण. मुंबईत देवनारला आयआयपीएस आहे, ती संस्था त्याचं काम बघते. पाचवी फेरी 2019-21, 6,36,699 कुटुंबं. जिल्ह्यावार फॅक्टशीट पीडीएफमध्ये मिळतात, आधी आपल्या जिल्ह्याची वाचून काढा, त्याला काही नोंदणी लागत नाही. रोजगारासाठी पीएलएफएस आहे, सांख्यिकी मंत्रालयाच्या मायक्रोडेटा (एकेका घराच्या-माणसाच्या कच्च्या उत्तरांच्या) पोर्टलवर, पण तो पहिल्यांदाच हातात घेऊ नका, नुसत्या आकड्यांच्या लांबलचक ओळी आणि कुठल्या जागेवरचा आकडा कशाचा हे दुसऱ्या फाईलमध्ये, अशी मांडणी बघून माणूस पळून जातो.

आणि एक आग्रहाने सांगतो. डेटाबरोबर येणारी प्रश्नावली आणि कोडबुक (कोणत्या कॉलममधला कोणता आकडा म्हणजे काय याची यादी) पण उतरवा आणि प्रिंट काढा, निदान तुम्ही वापरणार त्या पानांची. डेटा म्हणजे उत्तरं आहेत, प्रश्न वाचल्याशिवाय उत्तरांचा काय उपयोग.

एक प्रश्न ठरवा, एकच

उदाहरणाला आपल्या मातीतला प्रश्न घेऊ. ज्या घरातलं कोणीतरी बाहेरगावी कमवायला गेलंय त्या घराची परिस्थिती बाकीच्यांपेक्षा बरी असते का? हा प्रश्न वाडीतल्या कट्ट्यावर रोज होतो, पण डेटाला तो असा विचारता येत नाही. "बाहेरगावी गेलंय" म्हणजे काय? वर्षभर मुंबईत असलेला मुलगा, की ट्रॉलरवर आठ महिने असलेला नवरा, की शिमगा-गणपतीलाच येणारा काका? "परिस्थिती बरी" म्हणजे काय, उत्पन्न, की घराला मातीच्या सारवलेल्या जमिनीऐवजी लादी? दोन्ही शब्दांना मोजता येईल अशी एक-एक गोष्ट ठरवली की अर्धं काम झालं. आयएचडीएसच्या दुसऱ्या फेरीत बाहेर राहणाऱ्या घरच्या माणसांची वेगळी फाईलच आहे, आणि घराची भिंत, छप्पर, जमीन कशाची तेही नोंदवलंय, त्यामुळे प्रश्न डेटात बसतो.

इथेच एक मोठा खड्डा आहे. सर्व्हेत घरातला माणूस कोणाला म्हणायचं याची व्याख्या प्रत्येक ठिकाणी वेगळी असते. एनएफएचएसमध्ये घरात नेहमी कोण राहतं ते विचारतात आणि काल रात्री इथे कोण झोपलं होतं तेही विचारतात, आणि बायकांची मुलाखत काल रात्री घरात असलेल्यांचीच होते. आता विचार करा, सर्व्हेवाली टीम गणपतीच्या आठवड्यात राजापूरच्या एखाद्या वाडीत पोचली तर काल रात्री झोपलेल्यांची यादी किती लांब होईल, आणि तीच टीम जुलैच्या पावसात आली तर? माणसं तीच, घर तेच, आकडा दुसरा. म्हणून फील्डवर्क कोणत्या महिन्यात झालं ते रिपोर्टमध्ये शोधून वहीत लिहून ठेवा.

फाईल उघडल्यावर पहिला तास

टेस्टला हात लावू नका. पहिल्यांदा एक ओळ म्हणजे काय ते ठरवा, घर की माणूस. आयएचडीएसमध्ये घरांची फाईल वेगळी आणि माणसांची वेगळी, माणसांच्या फाईलमध्ये दोन लाखांवर ओळी आहेत, आणि माणसांच्या फाईलवरून "किती टक्के घरांत लादी" असं काढलंत तर मोठं घर आठ वेळा मोजलं जाईल आणि एकटी राहणारी आजी एकदाच.

मग फक्त लागणारे दहा-बारा कॉलम ठेवा, बाकीचे उडवा (मूळ फाईल जपून ठेवा, कॉपीवर काम करा). चार जीबीच्या लॅपटॉपवर अख्खी फाईल उघडलीत तर तो हँग होणारच. महाराष्ट्रापुरतं बघायचं तर फिल्टर लावा, राज्याचा जनगणना कोड 27. फक्त रत्नागिरी-सिंधुदुर्ग वेगळं काढायचा मोह होईल, मलाही होतो, पण आयएचडीएससारख्या देशभरच्या सर्व्हेत एका जिल्ह्यातून इतकी थोडी घरं असतात की त्यावरून जिल्ह्याबद्दल काही बोलणं बरं नाही. जिल्ह्याचं बोलायचं तर एनएफएचएस, तो जिल्ह्यांचे आकडे देण्यासाठीच आखलेला आहे.

त्यानंतर प्रत्येक कॉलमचं फ्रीक्वेन्सी टेबल, म्हणजे कोणतं उत्तर किती वेळा आलं त्याचा तक्ता, जामोवीत एक्सप्लोरेशन खाली डिस्क्रिप्टिव्ह्ज आहे, तिथे खूण करा. हे कंटाळवाणं वाटतं पण चुका इथेच सापडतात. वयाच्या कॉलममध्ये 98 दिसला तर ती 98 वर्षांची आजी आहे की "माहीत नाही" चा कोड, हे कोडबुक सांगतं. माझ्या पहिल्या प्रोजेक्टमध्ये मी 99 हा उत्तर न दिल्याचा कोड खरा आकडा धरून शिक्षणाची सरासरी काढली होती, आणि ती सरासरी रिपोर्टात छापून गेली. तेव्हापासून फ्रीक्वेन्सी बघितल्याशिवाय मी पुढे जात नाही. एनएफएचएसमध्ये तर बीएमआय शंभरने गुणून लिहिलेला असतो, 2245 म्हणजे 22.45, आणि वेटला दहा लाखाने भागावं लागतं. हे कोडबुकात स्पष्ट लिहिलंय पण वाचणार कोण.

अजून एक, जामोवी प्रत्येक कॉलमला चिन्ह देतं, तीन गोळे म्हणजे नुसती नावं, दांड्या म्हणजे क्रम, पट्टी म्हणजे मोजमाप. कधी कधी जातीच्या किंवा धंद्याच्या कोडला ते पट्टी लावतं कारण त्याला आकडे दिसतात. बदला. 1 म्हणजे शेती आणि 2 म्हणजे मासेमारी असेल तर धंद्याची सरासरी 1.4 याला काही अर्थ नाही.

सरासरी आणि मध्यक

समजा वाडीत पाच घरं आहेत, महिन्याचं उत्पन्न 9, 11, 12, 14 हजार आणि पाचव्या घरातला मुलगा मर्चंट नेव्हीत, तिथे 94 हजार. सरासरी 28 हजार. पण 28 हजारवालं एकही घर वाडीत नाही, चार घरं त्याच्या खूप खाली आणि एक खूप वर. मध्यक 12 हजार, म्हणजे ओळीने लावून मधलं घर, आणि वाडीचं खरं चित्र तेच आहे. उत्पन्नाचा, जमिनीचा, कर्जाचा डेटा असाच एका बाजूला लांब शेपूट असलेला असतो, म्हणून हिस्टोग्राम (कोणत्या टप्प्यात किती घरं ते दाखवणारा दांड्यांचा आलेख) काढा, सरासरी आणि मध्यक दोन्ही लिहा, आणि दोघांत मोठं अंतर असेल तर का ते दोन ओळीत सांगा.

क्रॉसटॅब आणि काय-स्क्वेअर

आता मुख्य काम. क्रॉसटॅब म्हणजे दोन कॉलम एकमेकांसमोर मांडून केलेला तक्ता. खालचे आकडे सरावासाठी मी बनवलेत, खऱ्या सर्व्हेचे नाहीत. 200 घरं, त्यातल्या 120 घरांत चाकरमानी आहे, 80 मध्ये नाही. चाकरमानीवाल्या 120 पैकी 84 घरांत लादी, 36 मध्ये नाही. बाकीच्या 80 मध्ये 40 ला लादी, 40 ला नाही.

टक्केवारी कुठल्या बाजूने काढायची यात सगळे गोंधळतात. ज्याच्यामुळे फरक पडतो असं आपल्याला वाटतंय, त्याच्या प्रत्येक गटाला शंभर धरा. चाकरमानीवाल्या घरांत 70 टक्के लादी, बाकीच्यांत 50 टक्के. हा झाला निकाल. उलट्या बाजूने काढलं तर लादीवाल्या 124 घरांपैकी 84, म्हणजे जवळपास 68 टक्के घरांत चाकरमानी आहे, हेही खरं आहे पण ते वेगळ्या प्रश्नाचं उत्तर आहे, आणि 70 आणि 68 इतके जवळ असले की कोणता आकडा कशाचा ते विसरायला होतं.

काय-स्क्वेअर काय करतो ते एकदा हाताने करा. एकूण 200 पैकी 124 घरांत लादी, म्हणजे 62 टक्के. चाकरमान्याचा आणि लादीचा काही संबंधच नसता तर दोन्ही गटांत 62 टक्केच आले असते, म्हणजे 120 पैकी 74.4 घरं. प्रत्यक्षात 84 आली, फरक 9.6. चारही खणांत हा फरक तेवढाच निघतो. प्रत्येक खणात फरकाचा वर्ग करून अपेक्षित आकड्याने भागायचं, आणि चारांची बेरीज, येते साधारण 8.15. दोन बाय दोनच्या टेबलला 5 टक्क्यांची हद्द 3.84 आहे (संबंध नसताना याच्या पुढचा आकडा शंभरात पाचदाच येतो), आपण बरेच पुढे. जामोवीत फ्रीक्वेन्सीज खाली इंडिपेंडंट सॅम्पल्स निवडा, हेच उत्तर येतं आणि पी-व्हॅल्यू 0.004 दिसते. हाताने काढलेला आकडा स्क्रीनवर तसाच उमटला की त्या बटणाची भीती कायमची जाते, हे मी कितीतरी जणांच्या चेहऱ्यावर बघितलंय. फक्त कुठल्या खणात अपेक्षित आकडा 5 च्या खाली गेला तर काय-स्क्वेअरवर भिस्त ठेवू नका, गट एकत्र करा किंवा फिशरची टेस्ट (लहान आकड्यांसाठीची) घ्या.

पी-व्हॅल्यू 0.004 म्हणजे काय? संबंध खरोखर नसेलच तर इतका किंवा याहून मोठा फरक नुसत्या योगायोगाने दिसायची शक्यता हजारात चार. एवढंच. चाकरमान्यामुळेच लादी आली असं ती म्हणत नाही. कदाचित ज्यांच्याकडे आधीच आंब्याची कलमं होती, ज्यांनी पोरांना बारावीपर्यंत शिकवलं, त्याच घरांतून पोरं मुंबईला गेली असतील आणि लादी तशीही बसलीच असती. आणि संबंध किती घट्ट हेही पी सांगत नाही, त्यासाठी त्याच टेबलमध्ये क्रॅमर्स व्ही वर खूण करा, इथे येतो 0.20, म्हणजे संबंध आहे पण फार मोठा नाही. 42 हजार ओळींवर तर बारीकसारीक फरकालाही पी-व्हॅल्यू शून्याजवळ जाते, तेव्हा टक्केवारीतला फरक किती तेच बघायचं.

वेट आणि वाड्या

सर्व्हेवाले घरोघर चिठ्ठ्या टाकत नाहीत, आधी गावं निवडतात आणि त्या गावातली ठरावीक घरं. एनएफएचएस-5 मध्ये एका ठिकाणाहून 22 घरं घेतली. आता कोळीवाड्यातली 22 घरं घेतलीत तर ती एकमेकांसारखीच असणार, धंदा तोच, शाळा तीच, पाण्याची विहीर तीच, म्हणजे 22 घरांकडून 22 नवीन गोष्टी कळत नाहीत. सुटी 400 घरं निवडली असती तर 50 टक्क्यांच्या आसपासचा आकडा वर-खाली साधारण 5 ने हलू शकतो, 100 घरं असती तर 10 ने, पण वाड्यावाड्यांतून गठ्ठ्याने घेतलेल्या 400 मध्ये ही हालचाल 5 पेक्षा जास्त असते. हे नीट धरायचं तर आरमध्ये थॉमस लमली यांचं सर्व्हे नावाचं पॅकेज आहे, त्यात वेट आणि गावाचा कोड दोन्ही सांगता येतात. पहिल्या महिन्यात ते नाही केलंत तरी चालेल, पण मग "हे आकडे वेट न लावता काढले आहेत" असं वाक्य रिपोर्टमध्ये पाहिजेच, आणि त्या आकड्यांवरून अख्ख्या महाराष्ट्राबद्दल बोलायचं नाही.

निकाल लिहिताना

वाक्य साधं ठेवा. "सरावाच्या 200 घरांपैकी चाकरमानी असलेल्या घरांत 70 टक्के आणि नसलेल्या घरांत 50 टक्के घरांना लादी होती, काय-स्क्वेअर 8.15, पी 0.004, क्रॅमर्स व्ही 0.20." सर्व्हेचं नाव, साल, किती ओळी गाळल्या आणि का, हे त्याच्या खालीच. स्वतः वाडीत फिरून डेटा गोळा केला असेल तर नावं आणि फोन नंबर शीटमध्ये ठेवू नका, घराला क्रमांक द्या आणि नावांची यादी वेगळी, कुलुपात. आठ घरांच्या वाडीत "मर्चंट नेव्ही, 94 हजार" एवढं लिहिलं तरी कोणाचं घर ते सगळ्या गावाला कळतं.

मग त्याच फाईलवर एक दिवस अजून घालवा. जामोवीच्या काय-स्क्वेअरच्या खिडकीत लेयर्स नावाचा खण आहे, तिथे घराकडे जमीन आहे की नाही तो कॉलम टाका, टेबलाचे दोन भाग होतील, जमीनवाल्यांचा वेगळा आणि बिनजमीनवाल्यांचा वेगळा. 70 आणि 50 मधलं अंतर दोन्हीकडे टिकतं का, की एकाच बाजूला उरतं, की दोन्हीकडे विरघळून जातं, ते बघा आणि जे दिसेल ते वहीत त्याच दिवशी लिहून ठेवा, टी-टेस्ट आणि रिग्रेशन त्याच्या पुढच्या आठवड्यात.